चक्रीवादळ आणि टॉर्नेडो: एकात वर चढायचं, दुसऱ्यात खाली उतरायचं

एप्रिल-मेमध्ये अमेरिकेतल्या टॉर्नेडोची बातमी दिसली की कळव्याहून आईचा फोन ओक्लाहोमाला, ताईला. "पाणी भरून ठेवलंस ना? कुंड्या आत घेतल्यास?" आईची काळजी खरी, पण ही तयारी चक्रीवादळाची. मराठी बातम्यांत पुष्कळदा दोन्हींना 'चक्रीवादळ'च म्हणतात, मग घोळ होणारच.

चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि हवामान खातं दिवसेंदिवस त्याच्या मागावर असतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, त्याआधीच आमचे फोन चार्ज होते, पिंप भरलेलं होतं, गॅलरी रिकामी होती. तेवढा वेळ मिळतो.

टॉर्नेडो गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरतो. रुंदी बहुधा काहीशे मीटर, आयुष्य बरेचदा दहा मिनिटांच्या आत. पण सर्वांत भयंकर टॉर्नेडोतला वारा ताशी ३२० किलोमीटरच्याही पुढे जातो. इशारा मिळाल्यावर हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, कधी तेवढीही नाहीत. म्हणून कुठे लपायचं हे आधीच ठरलेलं हवं. ताईकडे जिन्याखालची बिनखिडकीची खोली आहे. तिथे टॉर्च, शिट्टी, घरातल्या प्रत्येकाचं हेल्मेट आणि बूट. बूट कशाला, असं आईने विचारलं होतं. नंतर बाहेर पडताना पायाखाली काचा आणि खिळे असतात. 'टॉर्नेडो वॉच' म्हणजे हवा तशी बनली आहे, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, ताबडतोब आत जा. दाब सुटावा म्हणून खिडक्या उघडायच्या, हा समज चुकीचा. त्यात वेळ जातो आणि काच अंगावर येते.

सगळ्यात धोक्याची गल्लत मजल्याची. चक्रीवादळात समुद्राचं पाणी आत घुसतं, म्हणून किनाऱ्यालगतच्या सखल भागातल्यांनी सांगितल्याबरोबर घर सोडायचं, अडकलात तर वर चढायचं. टॉर्नेडोत सगळ्यात खालच्या मजल्यावर, मधल्या खोलीत.

ठाण्यात टॉर्नेडोची भीती फार नाही. पण १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ते चक्रीवादळ नव्हतं, ढगातूनच आलेला वारा होता. अशा वेळी ताईचाच नियम पाळा: गॅलरीत व्हिडिओ काढत उभं न राहता काचांपासून लांब, आतल्या पॅसेजमध्ये या. रस्त्यात असाल तर झाड, होर्डिंग, पत्र्याची शेड सोडून पक्क्या इमारतीत शिरा.