गंमतीचा आइस्क्रीम फ्लोट : घरच्या पार्टीसाठी माहितीपत्रक

सोडा आणि आइस्क्रीम आमच्याकडून न्या, फ्लोट (म्हणजे गार सोड्यावर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा) मात्र घरीच बनवा, तोही पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. तयार फ्लोट आम्ही विकत नाही. बरेच जण विचारतात, "पंचवीस ग्लास भरूनच द्या की ओ!" पण फ्लोटचं आयुष्य जेमतेम पाच-सात मिनिटांचं. बेळगावातल्या बेळगावात, शहापुरातून टिळकवाडीत पोचेपर्यंत त्याचं गोड पांढरं पाणी झालेलं असतं. म्हणून हे पत्रक. सामानाबरोबर नेऊन फ्रिजवर चिकटवा.

मुळात हा प्रकार म्हणजे लहान दुकानदाराची शक्कल आहे. 1874 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका प्रदर्शनात रॉबर्ट ग्रीन नावाच्या सोडावाल्याने सोड्यात आइस्क्रीम घालून विकलं. शेजारच्याचं सोड्याचं यंत्र मोठं आणि झगझगीत होतं, गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायला काहीतरी नवं हवं होतं, असं त्यानेच पुढे सांगितलं. मान आपलाच म्हणणारे आणखीही निघाले, पण ग्रीनने "आइस्क्रीम सोड्याचा जनक" असं आपल्या थडग्यावर कोरावं म्हणून मृत्युपत्रात लिहून ठेवलं. धंद्यातला माणूस!

फेस येतो कुठून?

आइस्क्रीममध्ये बरीचशी हवा असते, काही प्रकारांत तर निम्मी. म्हणून गोळा सोड्यावर तरंगतो. सोड्यात दाबून भरलेला वायू बाहेर पडायला खडबडीत जागा शोधत असतो. आइस्क्रीममधले हवेचे बारीक बुडबुडे आणि बर्फाचे कण त्याला ती देतात. नुसत्या सोड्याचा फेस लगेच बसतो. फ्लोटमध्ये दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात, त्यामुळे फेस टिकतो.

सोडा कोमट असला की सगळं बिघडतं. शून्य अंशाजवळचं पाणी 20 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वायू धरून ठेवतं. मे महिन्यात दुपारी खोलीत ठेवलेली बाटली उघडून आइस्क्रीमवर ओतली, तर फेस थेट टेबलावर आणि ग्लासात उरलेला सोडा बेचव. बाटल्या आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, काचेची बाटली तडकते. ग्लासही अर्धा तास गार करा. बर्फाचे खडे मात्र फ्लोटमध्ये लागत नाहीत. उगाच चव पातळ होते.

आधी सोडा, मग आइस्क्रीम, हा आमचा क्रम. ग्लास 300 मिलीचा असेल तर तिरपा धरून कडेने 150 मिली सोडा सोडा, फेस बसू द्या आणि गोळा चमच्याने अलगद ठेवा, वरून टाकू नका. काही जण आधी आइस्क्रीम घालून वर सोडा ओततात. त्यात फेस जास्त येतो, मुलांना मजा वाटते, पण ग्लास मोठा हवा आणि खाली ताटही हवं.

आंबट सोड्याचं थोडं जपून. लिंबू आणि कोकम यांनी दूध फाटतं, तसंच वितळलेलं आइस्क्रीमही थोड्याच वेळात कणी धरतं. बिघडत काही नाही, पण दिसायला नासलेलं वाटतं आणि पाहुणे ग्लास बाजूला ठेवतात. कोकम सोडाच हवा असेल तर त्यात दुधाचं आइस्क्रीम न घालता आंब्याच्या रसाची, बिनदुधाची बर्फकांडी उभी करा. कोकमाचा लाल आणि आंब्याचा पिवळा रंग ग्लासात एकमेकांत उतरताना बघण्यासारखा असतो. कोलाही आंबटच, पण तपकिरी रंगात कणी लपते.

आता गंमत. आमचे दोन ठरलेले फ्लोट सांगतो.

पहिला "गोकाक". पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहिला असेल तर घटप्रभेचं गढूळ तांबूस पाणी आणि वर उसळणारा फेस आठवा. गार कोला, त्यावर व्हॅनिलाचा गोळा, आणि गोळ्यावर चिमूटभर कुंदा कुस्करून. कुंदा बेळगावचाच घ्या, हे सांगायला नको. दूध आटवून आलेली त्याची खमंग चव कोल्याशी इतकी जुळते की मोठी माणसंसुद्धा दुसरा ग्लास मागतात. कुंदा सोड्यात टाकू नका, तळाशी जाऊन घट्ट बसतो. हा फ्लोट मुद्दाम काठोकाठ भरायचा, थोडा फेस बाहेर ओघळू द्यायचा. नाव गोकाक, मग सांडायलाच हवा. फक्त लहान मुलांना संध्याकाळी कोला देताना विचार करा, कॅफीनमुळे रात्री झोपत नाहीत.

दुसरा "राकसकोप", बेळगावला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या नावाचा. तळाशी मॉकटेलचं निळं सरबत 15 ते 20 मिली. त्यावर साधा सोडा, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडलेला. साखरेमुळे सरबत जड असतं, म्हणून खालीच राहतं आणि वर पाणी स्वच्छ दिसतं. बिनसाखरेचं सरबत वापरलं तर थर राहत नाही. वर व्हॅनिलाचा पांढरा गोळा म्हणजे जलाशयावर आलेला वळवाचा ढग. हे सरबतही जरा आंबट असतं, तेव्हा ढवळायचं काम पिणाऱ्यावर सोडा.

विदूषक हवा असेल तर गोळ्यावर कोन उलटा ठेवा, टोपी झाली. चॉकलेटच्या दोन गोळ्या डोळे, चेरीचा तुकडा नाक. ऐनवेळी हे करत बसाल तर पहिल्याचा चेहरा घसरेपर्यंत दहाव्याचा तयार होणार नाही. आदल्या रात्री ट्रेवर बटर पेपर घालून गोळे काढा, डोळे-नाक दाबून बसवा आणि फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या. टोपी मात्र वाढतानाच, नाहीतर कोन मऊ पडतो.

20 मुलांसाठी साडेतीन लिटर सोडा न्या, अर्धा लिटर सांडण्यासाठी धरलेला आहे. आइस्क्रीम एका गोळ्याच्या हिशेबाने अडीच लिटर पुरतं, तरी चार लिटरचा डबा नेलेला बरा. त्यात साधारण 35 गोळे निघतात आणि पोरं परत मागतातच. डब्यावर "आइस्क्रीम" लिहिलंय की "फ्रोझन डेझर्ट" ते बघून घ्या. दुसऱ्यात वनस्पती तेल असतं. फ्लोट दोन्हींचा होतो, पण दुधाची चव पहिल्यालाच. काजू-बदाम वरून घालणार असाल तर कोणाला चालत नाही ते आधी विचारा.

धूर निघणारा ड्राय आइस आमच्याकडे मिळणार नाही. तो उणे 78 अंशांचा असतो, हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते आणि पोटात गेला तर जिवावर बेततं. मुलांच्या ग्लासात त्याला जागा नाही. प्लास्टिकच्या स्ट्रॉही देत नाही, 1 जुलै 2022 पासून त्यांवर बंदी आहे. कागदी स्ट्रॉ सोड्यात लवकर मऊ होतात, लांब दांड्याचा चमचा उत्तम.

मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला की वीज गेलीच म्हणून समजा. पार्टी चारनंतर असेल तर आमचा थर्माकोलचा खोका न्या. तीन भाग फोडलेल्या बर्फाला एक भाग जाडं मीठ घातलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, हाताने फिरवायच्या पॉटमध्ये करतात तसंच. खारं पाणी डब्यात शिरू नये म्हणून झाकणाला चिकटपट्टी लावा. पूर्ण वितळलेलं आइस्क्रीम परत गोठवू नका. त्यात बर्फाची खडी धरते आणि पोटालाही बरं नाही.

मागणी दोन दिवस आधी सांगा. वैशाखातल्या शिवजयंतीच्या आठवड्यात चार दिवस आधी, कारण मिरवणुकीच्या दिवशी शहरात गाडी फिरवता येत नाही. निपाणी, खानापूरकडे माल सकाळच्याच फेरीत पाठवतो. खोका आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या परत आल्या की अनामत लगेच मिळेल. बाटल्या तेवढ्या धुऊन आणा, गोडामुळे मुंग्या लागतात.