बेगोनिया : निगा व लागवड

बेगोनिएसी कुलातील शोभेच्या वनस्पतींची प्रजाती. हिच्यात २,००० हून अधिक जाती असून त्या आशिया, आफ्रिका व अमेरिकेच्या उष्ण, दमट भागांत आढळतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए यांनी मिशेल बेगाँ या अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ हे नाव दिले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये ते कायम केले. पान देठाच्या दोन्ही बाजूंना सारखे नसते, एक पाळी मोठी व एक लहान असते. ही खूण एकदा कळली की बहुतेक बेगोनिया लांबूनही ओळखता येतात. नर व मादी फुले एकाच झाडावर पण वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे बहुधा तीन पंख असलेला बीजकोश दिसतो. नर फुले लवकर गळतात. त्यात काळजीचे कारण नाही.

घरातली बेगोनिया तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरते. याचे कारण तिच्या मूळ वस्तीत आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात उगवणारी ‘बेगोनिया क्रेनाटा’ ओल्या कातळावर, शेवाळात रुजलेली दिसते. हवा दमट आणि अंगावर पाण्याचे तुषार, पण मुळांशी पाणी थांबत नाही. पाऊस सरला की पाने जातात व जमिनीत कंद तेवढा उरतो. कुंडीतही हेच साधायचे असते.

त्यासाठी माती भुसभुशीत हवी. पालापाचोळ्याचे खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) असे मिश्रण चालते. काळी चिकण माती मात्र टाळावी. मुळे उथळ असल्याने पसरट कुंडी बरी. उगाच मोठी घेतली तर न वापरलेली ओली माती मुळे कुजवते. वरची माती बोटाच्या पेराएवढी कोरडी लागली की भरपूर पाणी द्यावे आणि ताटलीत उतरलेले ओतून टाकावे. पाने सुकून माना टाकलेली दिसली तर आधी मातीत बोट घालून पाहावे. माती ओली असेल तर मुळे सडली असण्याचा संभव आहे आणि आणखी पाणी म्हणजे शेवटचा घाव. पूर्वेकडील खिडकीचा कोवळा प्रकाश बहुतेकांना मानवतो. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात.

प्रकारांनुसार वागणूक बदलते. उसासारख्या पेरांची उभी बेगोनिया सर्वांत सोशिक असून कोकणातील दमट हवेत सज्जात चांगली वाढते. वाफ्यांत लावतात ती मेणचट पानांची छोटी बेगोनिया देशावर हिवाळ्यात बहरते. आसामकडून एकोणिसाव्या शतकात युरोपात गेलेल्या ‘बेगोनिया रेक्स’पासून रंगीत पानांचे असंख्य संकर झाले. त्यांना कोरडी हवा सोसत नाही, त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात त्यांचा हट्ट न धरलेला बरा. मोठ्या, गुलाबासारख्या फुलांची कंदी बेगोनिया अँडीज पर्वतातील जातींपासून आली. तिला थंड रात्री लागतात. आपल्याकडे ती महाबळेश्वरासारख्या ठिकाणीच शोभते. बेल्जियममध्ये तिची लागवड होत आली असून ब्रसेल्सच्या चौकातला फुलांचा प्रसिद्ध गालिचा १९७१ पासून वर्षानुवर्षे मुख्यतः तिच्या फुलांनी मांडला गेला.

रेक्सची अभिवृद्धी पानापासून करतात आणि ती मुद्दाम करून पाहावी अशी आहे. निरोगी, पूर्ण वाढलेले पान घ्यावे. पाठीकडच्या जाड शिरांवर धारदार पात्याने अधूनमधून आडवे छेद द्यावेत. मग पान ओल्या वाळूवर सुलटे पसरून छेद वाळूला टेकतील अशा बेताने वर बारीक खडे ठेवावेत आणि काच झाकावी. काही आठवड्यांत प्रत्येक छेदापाशी मुळे फुटतात व नखाएवढी रोपे उभी राहतात. पेरांच्या प्रकारांना दोन-तीन पेरांची काडी पुरते. शेंडा खुडत राहिल्यास झाड भरगच्च होते. बी धुळीसारखे बारीक असते. ते मातीवर भुरभुरावे, पुरू नये.

पानांवर पांढरी भुरी पडणे हा नेहमीचा रोग. हवा खेळती ठेवावी, संध्याकाळी पाने भिजवू नयेत व बाधित पाने काढून टाकावीत. पेरांत पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने टिपून घ्यावेत. पानांत, आणि त्याहून अधिक कंदांत, ऑक्झॅलेट हा विषारी क्षार असतो, म्हणून घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंड्या त्यांच्या तोंडापासून दूर ठेवाव्यात.