गावच्या हवेची नोंद कुणाकडे?

विदर्भातल्या वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगत ज्यांची वावरं आहेत, त्यांच्या पऱ्हाटीच्या पानांवर काळी भुकटी बसते. फुटलेल्या बोंडात ती शिरली की कापूस मळतो आणि विकताना भाव पडतो. शेतकरी तक्रार घेऊन ग्रामपंचायतीत जातो. सरपंच फार तर ठराव घेतात, निवेदन पाठवतात. पंचायतीचे हात इतके आखूड का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

चंद्रपूर जिल्ह्यातली वरोऱ्याची कोळसा खाण 1870 च्या दशकात सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. धुराच्या उपद्रवाविरुद्धचा मुंबईचा कायदा आला 1912 मध्ये, तोही शहरातल्या गिरण्या आणि भट्ट्या डोळ्यांपुढे ठेवून. विदर्भ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, त्यामुळे त्या कायद्याचा इथे संबंधच नव्हता. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावाची साफसफाई आणि उपद्रव दूर करणे ही कामे पंचायतीकडे दिली. त्यात उकिरडा आला, गटार आले. खाणीची धूळ आणि कारखान्याची चिमणी पंचायतीच्या आवाक्याबाहेरच राहिली.

1981 च्या वायू कायद्याने कारखान्यांना संमती देण्याचे आणि कारवाईचे अधिकार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेले. महाराष्ट्रात 2 मे 1983 रोजी काही भाग वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सगळे राज्य त्यात यायला 6 नोव्हेंबर 1996 उजाडला. मधल्या काळात चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचे संच एकामागून एक सुरू होत होते. मापातही दुजाभाव होता. 1994 च्या मानकांनुसार हवेतल्या एकूण तरंगत्या धुळीची चोवीस तासांची मर्यादा निवासी आणि ग्रामीण भागासाठी घनमीटरला 200 मायक्रोग्रॅम होती, औद्योगिक भागासाठी 500. कारखान्याच्या आवारभिंतीला लागून राहणाऱ्या माणसाने अडीचपट धूळ गिळावी, असाच त्याचा अर्थ होतो. 2009 मध्ये हा भेद गेला आणि बारीक धुळीसाठी, म्हणजे पीएम 10 साठी, दोन्हीकडे 100 ही एकच मर्यादा आली.

मोजणी कशी होते? हाताने चालणाऱ्या केंद्रात छतावरचे यंत्र हवा ओढते, धूळ गाळण कागदावर अडकते. कागद आधी आणि नंतर तोलायचा. वाढलेले वजन ती धूळ. आठवड्यातून दोनदा, चोवीस तास, वर्षाला 104 दिवस, असा नियम. म्हणजे उरलेल्या अडीचशेहून अधिक दिवसांची नोंदच नाही. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, ताडाळी ही नावे मंडळाच्या यादीत आली, पण बहुतेक केंद्रे शहरात किंवा उद्योगांच्या पट्ट्यातच. धुरे (शेताचे बांध) आणि तुराट्या पेटतात त्या गावांची हवा कुणी मोजत नाही.

2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे आले, आणि 2010 च्या जानेवारीत नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदी लागली. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरे घेतली गेली. चारही महानगरपालिका. आराखडे त्यांचे, निधीही त्यांचा. शहरांना मिळाले याचे दुःख नाही. पण वारा पालिकेच्या हद्दीवर थांबत नाही, हे आराखडा आखणाऱ्यांना कळायला हवे होते. 2020 मध्ये स्थानिक संस्थांना पर्यावरणाच्या कामासाठी गुण देणाऱ्या राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात ‘वायू’ हा घटक आला, तेव्हा कुठे हवेसाठी ग्रामपंचायतींनाही गुण मिळू लागले.

नोंद नसण्याचा खरा फटका खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधीच्या जनसुनावणीत बसतो. नव्या खाणीच्या अहवालातले हवेचे आकडे कंपनीने नेमलेल्या सल्लागाराने घेतलेले असतात, पुष्कळदा एकाच हंगामातले. गावकरी खोकला, काळवंडलेली पिके, घरातल्या भांड्यांवरचा थर सांगतात आणि ते इतिवृत्तात ‘आक्षेप’ म्हणून उतरते. समोर आकडे ठेवायला गावाजवळ काहीच नसते. खाणींकडून घेतलेल्या पैशातून खाणबाधित भागासाठी उभ्या राहिलेल्या, 2015 पासूनच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत प्रदूषण नियंत्रण हे प्राधान्याचे काम आहे. त्यातून खाणीलगतच्या प्रत्येक गावात मोजणी सुरू व्हावी आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत, ही मागणी रस्ते आणि सभागृहांच्या आधी यायला हवी.