धुऱ्यावरच्या पाहुण्याची हद्द

कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की विदर्भातल्या वावरात, धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या कडुनिंबातून 'चिस्-वी, चिस्-वी' असा बारीक, टोकदार आवाज दिवसभर येतो. पक्षी शोधावा तर सापडत नाही, आणि सापडलाच तर हिरवट-मळकट, वजनाला आठेक ग्रॅम. हा हिरवट पर्णवटवट्या, हिमालयातून किंवा त्याहीपलीकडून आलेला. एप्रिलपर्यंत त्याचा मुक्काम. आपण त्याला हिवाळी पाहुणा म्हणतो, पण तो वागतो मालकासारखा; ती हाक म्हणजे आपल्या हद्दीची राखण. धुऱ्यासाठी भावाभावांत बोलणं बंद झालेली घरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

अभ्यासकांना मात्र ते समजायला वेळ लागला. पक्ष्याचं गाणं मादीला रिझवण्यासाठी, हा जुना समज. जर्मनीतले पाद्री आणि प्राणिशास्त्रज्ञ बर्नार्ड आल्टुम यांनी १८६८ मध्येच लिहिलं होतं, की नराचं गाणं दुसऱ्या नरांना लांब ठेवण्यासाठीही असतं. इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत हे नीट पोचलं ते १९३५ मध्ये, पक्षिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांच्या लेखामुळे. तोवर इंग्लंडच्या एलियट हॉवर्ड यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली होती. हॉवर्ड पोलाद उद्योगातले, पक्षी हा छंद. त्यांना वाट दाखवली ती स्थलांतरित वटवट्यांनीच. वसंतात नर आधी येऊन पोचतात आणि एकही मादी आलेली नसताना गायला लागतात. मग ते ऐकवायचं कोणाला? शेजाऱ्याला, दुसरं कोणाला!

पुरावा पुढे १९७० च्या दशकात मिळाला. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात जॉन क्रेब्स यांनी ग्रेट टिट पक्ष्यांना त्यांच्या हद्दीतून हलवलं आणि काही जागी स्पीकरवर त्यांचं गाणं लावलं. नवे पक्षी आधी घुसले ते शांत जागांत, आणि जिथे तुलनेसाठी गाण्याऐवजी नुसती पिपाणी वाजवली होती तिथे. गाणं चालू होतं त्या जागा उशिरा भरल्या.

पण हे सगळं विणीच्या हंगामातलं. हिवाळ्यात ना घरटं, ना पिल्लं. तेव्हा भांडण असतं ते निव्वळ पोटासाठी. म्हणून माद्याही आपापली हद्द राखतात, आणि लांबलचक गाण्याऐवजी छोट्या हाकांवर काम भागतं. ट्रेव्हर प्राइस यांनी आंध्रातल्या पूर्व घाटात याच पर्णवटवट्याचा हिवाळा अभ्यासला (१९८१). एकेका पक्ष्याचा राखलेला झाडोरा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच जागा!

त्याच वर्षी निक डेव्हिस यांनी धोबी पक्ष्यावर लिहिलं. मला तर या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत गमतीचा वाटतो. ऑक्सफर्डला थेम्सच्या काठावर एकेक धोबी काठाचा आपला तुकडा धरून असे. पाण्याने वाहून आणलेले किडे टिपत त्याची फेरी चाले. वरून जाणारा परका धोबी हाक देई. खालून मालकाचं उत्तर आलं, की तो निमूट पुढे निघून जाई. उत्तर नाही आलं, तर खाली उतरे. म्हणजे हाक ही एक विचारणाच: कोणी आहे का इथं? भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवर थंडीत पांढरे धोबी उतरतात; तिथे पाय पसरून तासभर बसावं आणि कान द्यावा.

नवरंगाची तऱ्हा उलटी. तो हिवाळा दक्षिणेत काढून पावसाच्या तोंडावर विदर्भाच्या जंगलात येतो, विणीसाठी. झुडपी जंगलातून येणारी त्याची दोन सुरांची शीळ हद्दीचीच. तिकडे दक्षिणेतही तो सकाळ-संध्याकाळ ओरडतो, इतका ठरल्या वेळी, की तमिळमध्ये त्याचं नावच 'आरुमणि कुरुवी' म्हणजे सहा वाजताचा पक्षी.

इकडे मार्चअखेरीस, मोहाची फुलं टपटपत असतात तेव्हा, धुऱ्यावरचा तो पर्णवटवट्या 'चिस्-वी' सोडून मधूनच पूर्ण गाणं म्हणून बघतो. खरं तर ते पहाडातल्या हद्दीसाठी.