बडोद्यातील नृत्यपरंपरा

गुजरातमधील वडोदरा ऊर्फ बडोदे शहर आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील लोकनृत्ये व अभिजात नृत्य. गरबा हा इथल्या मातीतला. भरतनाट्यम् मात्र राजघराण्याच्या लग्नातून आले, आणि तेही मराठी माणसांच्या हातून.

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा विवाह १८८० मध्ये तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्या आंदणात नर्तकी, नट्टुवनार (नाच बसवणारे आणि तालावर बोल म्हणणारे गुरू) व वादक यांचा ताफा होता. तंजावरला तेव्हा भोसल्यांची गादी उरली नव्हती, पण त्या दरबाराने जोपासलेला नाच जिवंत होता. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या आश्रयाखाली चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार भावांनी कार्यक्रमाचा क्रम बांधला. खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठीच्या मराठी निरूपणरचना (एका कथानकाभोवती गुंफलेली गीते) आहेत. त्यामुळे हा नाच मराठी कानांना अगदीच परका नव्हता.

चिमणाबाई १८८५ मध्येच वारल्या, ताफा मात्र बडोद्यातच राहिला. दरबारी कलाकारांचा कारभार ‘कलावंत कारखाना’ हे खाते पाही. गवई, वादक आणि नर्तकी हे सारे त्याचे पगारी नोकर. तंजावरी नर्तकींमध्ये गौरा आणि कांतिमती ही नावे ठळक आहेत. वर्णम्, पदम्, तिल्लाना या भरतनाट्यम्‌च्या ठरलेल्या रचनांच्या जोडीला पतंग उडवण्याचा नाच आणि गारुड्याचा नाच असे हलकेफुलके प्रकारही दरबारात होत. पाहुण्यांना हेच जास्त रुचत असावेत, असे म्हणायला हरकत नाही.

सयाजीराव १९३९ मध्ये निवर्तले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार संपला तरी विद्या बुडाली नाही. १८८६ मध्ये दरबारी गवई मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या गायनशाळेतून पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची (स्थापना १९४९) संगीत-नृत्य-नाट्य शाखा वाढली. तिथे नृत्याचे पदवी शिक्षण सुरू झाले, तेव्हा विभागाचे प्रमुख होते मद्रासच्या ‘कलाक्षेत्र’ या नृत्यसंस्थेत शिकलेले मोहन खोकर. कांतिमती यांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर (१९१६–२००७) यांनीही तिथे शिकवले. दरबारी पिढीजात शिक्षण आणि कलाक्षेत्राची शिस्त एकाच वास्तूत नांदली, हे बडोद्याचे खरे वेगळेपण.

लोकनृत्यांत गरबा आघाडीवर. अश्विन नवरात्रात देवीच्या प्रतिमेभोवती किंवा दिव्याच्या घटाभोवती फेर धरून, दोन वा तीन टाळ्यांवर तो खेळतात. त्याच्या जोडीला टिपऱ्यांचा रास. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. बडोद्याची मैदाने प्रचंड रिंगणांसाठी आणि प्रत्यक्ष गायनासाठी ओळखली जातात. मराठी मुलींचा भोंडलाही याच दिवसांतला. तिथे मधोमध हत्तीचे चित्र असते आणि शेवटी खिरापत ओळखायची असते.

पूर्वेकडच्या छोटा उदेपूर भागात (२०१३ पासून स्वतंत्र जिल्हा) राठवा आदिवासी होळीच्या दिवसांत घेर नाचतात. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे. कवांटचा होळीनंतरचा मेळा यासाठी प्रसिद्ध आहे.