पणजोबांचा कोयता कसा ओळखावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत तलवार-कट्यारीच्या जोडीला कधी एखादा जड, लांब पात्याचा कोयता निघतो आणि तो पणजोबांनी ब्रह्मदेशाच्या लढाईतून आणल्याचे घरातली थोरली माणसे सांगतात. हे अशक्य नाही. दुसऱ्या महायुद्धात ग्वाल्हेर लान्सर्स हे संस्थानी पथक ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर होते आणि बांबूच्या रानातून वाट काढण्यासाठी सैन्याला कोयते पुरवले जात. कोयता खरोखर तिकडचा आहे का, हे पात्यावरूनच बरेचसे कळते. मात्र त्याआधी ते घासूनपुसून चकचकीत केलेले नसावे.

प्रथम पात्याची जाडी मुठीपासून टोकापर्यंत ठिकठिकाणी मोजावी. कारखान्यातले पाते लाटलेल्या पोलादी पत्र्यातून कापलेले असल्याने त्याची जाडी बहुधा एकसारखी भरते, तर लोहाराने ठोकून घडवलेल्या पात्यात ती कमीजास्त होते. नरम लोखंडाला कडक पोलादाची धार जोडलेली असेल, तर धारेला समांतर अशी पुसट रेषाही दिसते. ब्रह्मी ‘दा’ची, म्हणजे तिकडच्या पारंपरिक कोयत्याची, मूठ लांब व गोलसर असून पात्याचे शेपूट तिच्या आत बसवलेले असते, कारखानी कोयत्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून त्या आरपार रिव्हेटांनी पक्क्या करतात. पट्ट्या बेकेलाइटच्या (एक जुने कठीण प्लास्टिक) असतील तर त्या १९०९ नंतरच्या, परंतु मूठ केव्हाही बदलता येते, त्यामुळे तिच्यावरून पात्याचे वय ठरवणे धोक्याचे आहे.

खरा पुरावा मुठीजवळच्या ठशात असतो. कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. तिच्याजवळ बहुधा निर्मात्याचे नाव आणि वर्षही असते. मगर दिसली तर पाते बर्मिंगहॅमच्या मार्टिनडेलचे, आणि मुकुटातून वर आलेला हातोडाधारी हात दिसला तर अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीचे. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते, म्हणून अक्षरांचे खाचे गंजाने बुजतात. अंधाऱ्या खोलीत विजेरी पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला, की खाच्यांच्या सावल्या पडून पुष्कळदा मजकूर वाचता येतो.

कुणी हौसेने कानस चालवून ठसा घालवला असला, तरी सारे संपत नाही. ठसा मारताना अक्षराखालचे पोलादही दबते. त्यातील स्फटिकांची मांडणी विस्कटते आणि ही विस्कट खाच्याच्या तळाहूनही खाली पोचलेली असते. वरचा थर गेला तरी हा दबलेला भाग शिल्लक राहू शकतो. हायड्रोक्लोरिक आम्लातील कॉपर क्लोराइडचे द्रावण त्यावर फिरवले असता दबलेले आणि न दबलेले पोलाद सारख्या वेगाने झिजत नाही, आणि गेलेली अक्षरे छटांच्या फरकाने पुन्हा उमटतात. खोडलेले बंदुकांचे क्रमांक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत याच तत्त्वावर वाचले जातात. हे काम जाणकाराचेच. स्वयंपाकघरातल्या लिंबाने ते होत नाही, उलट पाते काळवंडते.

म्यान असेल तर तेही तपासावे, कारण चामड्यावर कधी स्वतंत्र ठसा आणि वर्ष असते. दोन्ही वर्षे जुळली नाहीत, तर म्यान मागाहून जोडलेले असण्याचा संभव धरावा. मात्र पाते त्यात परत घालून ठेवू नये: चामड्यात ओल धरून राहते आणि त्यातील आम्लांमुळे नेमका ठशाचा भागही गंजू शकतो. पात्याला यंत्रतेलाचा पातळ हात देऊन ते म्यानाबाहेर कोरड्या जागी ठेवावे.