हौशी रेडिओच्या अँटेनासाठी वीजसंरक्षण आणि अर्थिंग : परवानगी, पात्रता व कागदपत्रे

हौशी रेडिओ (छंद म्हणून रेडिओवरून संदेश पाठवणे, म्हणजेच हॅम रेडिओ) केंद्राचा परवाना मिळाला की छतावर मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, उभारायला हरकत नाही, असा अनेकांचा समज असतो. परवाना प्रक्षेपणापुरता असतो. मास्टसाठी इमारतीच्या मालकाची किंवा गृहनिर्माण संस्थेची संमती, स्थानिक बांधकाम प्राधिकरणाची मंजुरी आणि जवळ विमानतळ असल्यास उंचीविषयक दाखला वेगळा लागू शकतो. यांपैकी नेमके काय लागेल हे त्या त्या देशाच्या नियमांवर अवलंबून असल्याने, अर्थिंगसाठी खड्डा खणण्यापूर्वीच चौकशी करून अर्ज दाखल करावा.

अर्ज वैध परवानाधारकाच्याच नावाने करावा. अर्जदार भाडेकरू असेल तर मालकाचे लेखी ना हरकत पत्र जोडावे. क्लबच्या केंद्रासाठी जबाबदार परवानाधारकाची सही असावी. परवान्याची प्रत, जागेचा नकाशा, मास्टची उंची व त्याला धरून ठेवणाऱ्या ताणतारांचा तपशील ही कागदपत्रे सहज जमतात. मास्ट कोसळला तरी वीजवाहिनीला स्पर्श करणार नाही, एवढे अंतर नकाशात स्पष्ट दिसले पाहिजे.

खरी मेहनत अर्थिंगच्या आराखड्यावर घ्यावी. आकाशातून पडणाऱ्या विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत हजारो अँपिअरपर्यंत चढतो आणि सरळ तारेच्या प्रत्येक मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) असतो. म्हणजे प्रवाह मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर या वेगाने वाढला, तर ५ मीटरच्या उतरत्या तारेवर सुमारे ५० किलोव्होल्टचा फरक पडतो. म्हणून नुसते ‘अर्थिंग केले आहे’ असे लिहून भागत नाही. तार किती लांब आहे, कुठे वळते आणि जमिनीत पुरलेल्या कोणत्या अर्थिंगच्या रॉडला जाते, हे आराखड्यात मापांसह दाखवावे आणि तीव्र वळणे टाळावीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अँटेनाचा रॉड आणि घराच्या वीजजोडणीचा मुख्य अर्थ एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत. दोन अर्थ वेगळे ठेवले तर वीज पडताच त्यांच्या विभवांत प्रचंड फरक पडतो, आणि तो भरून काढणारा प्रवाह कोॲक्स केबलच्या (अँटेना व संच जोडणाऱ्या केबलच्या) बाहेरील धातूच्या जाळीतून रेडिओ संचात शिरून वीजपुरवठ्याच्या तारेने बाहेर पडतो. त्या वेळी मायक्रोफोन हातात धरलेला माणूसही त्या वाटेवर असू शकतो. ‘रेडिओचा अर्थ स्वतंत्र ठेवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच घातक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या कलम ८१० नुसार हे दोन अर्थ ६ गेजपेक्षा बारीक नसलेल्या, म्हणजे सुमारे १३ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडावे लागतात. आपल्या देशातील तरतूद वेगळी असेल तर तीच पाळावी. मात्र ही जोडणी आराखड्यात ठळकपणे दाखवावी.

सर्व केबली घरात एकाच ठिकाणाहून, धातूच्या एका पट्टीवरून याव्यात आणि प्रत्येक केबलचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे उपकरण) त्याच पट्टीवर थेट आवळलेला असावा. अरेस्टरचे माहितीपत्रक अर्जाला जोडावे. जस्तलेपित मास्टवर तांब्याची पट्टी थेट बसवली की ओलाव्याने जस्त झिजते आणि सांधा सैल होतो, त्यामुळे मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा किंवा कथील चढवलेली पट्टी घालावी. खड्डा बुजवण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे, कारण माती पडल्यावर तपासणाऱ्याला दाखवण्याजोगे दुसरे काही उरत नाही.

अर्थच्या रोधाचा चाचणी अहवालही जोडावा. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या (आयईसी) वीजसंरक्षणावरील ६२३०५ या मानकमालिकेच्या तिसऱ्या भागात शक्य तिथे १० ओहमपेक्षा कमी रोधाची शिफारस आहे. अहवालात मोजणीची पद्धत, तारीख आणि जमीन कोरडी होती की ओली, हे लिहावे. पावसानंतर घेतलेली नोंद दिसायला चांगली असते, पण कोरड्या दिवसांत रोध वाढतो, म्हणून मोजणी कोरड्या जमिनीतच करून घ्यावी. पुढे मास्ट हलवला किंवा नवी केबल आत आणली, तर सुधारित आराखडा आणि नव्या मोजणीचा अहवाल पुन्हा सादर करावा.